चेहऱ्याला कोणता रंग?

मागच्या दिवाळीतली गोष्ट. मुलगा, सून आणि धाकटा नातू इंग्लंडहून आठ दिवसांसाठी नाशिकला आले होते. नातू चौदा वर्षांचा. बॅगेतून त्याने चकल्यांच्या डब्याएवढा एक खोका काढला आणि माझ्यापुढे ठेवला. आत स्पंजच्या खाचांत चोवीस शिपाई निजलेले. धातूचे, करड्या रंगाचे, प्रत्येक जण माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढा. कुणाच्या खांद्यावर बंदूक, कुणी गुडघा टेकलेला, एकाच्या हातात ढोल.

"आजी, हे रंगवायचेत. तू ब्रश धर. बाबा म्हणाला तू किल्ल्यावरचे मावळे रंगवायचीस."

बाबा खरं तेच म्हणाला होता. आमच्या वाड्यात दिवाळीचा किल्ला व्हायचा तेव्हा दगड-विटा रचणं, वर पोती टाकणं, बुरूज उभारणं ही भावांची कामं. आम्हा मुलींकडे चिखल कालवणं आणि अळीव पेरणं. बालेकिल्ल्याला हात लावायची परवानगी नव्हती. पण रंगाचा हात माझा बरा होता, म्हणून मावळे माझ्या वाट्याला यायचे. कुंभाराकडून कच्चे, न रंगवलेले घेतले की स्वस्त पडायचे. दोन भागांच्या साच्यातून काढलेले ते मातीचे गडी, पोटावर सांध्याची रेघ, नाकडोळे जेमतेम. डिंकाच्या पाण्यात रंग कालवायचा. फेटा भगवा, अंगरखा पांढरा, मिशी काळी. शत्रूचे असतील तर अंगरखा हिरवा. झालं.

आमचा किल्ला दरवर्षी रामशेजच असायचा. नाशिकच्या मुलांना दुसरा किल्ला कशाला हवा? शहरापासून जेमतेम चौदा किलोमीटरवर उभा आहे. १६८२ मध्ये मोगलांनी त्याला वेढा घातला. औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरलेला, आणि हा छोटासा गड काही दिवसांत पडेल अशी त्याच्या सरदारांची समजूत. गड पाच वर्षांहून जास्त काळ लढला. खाफीखान या मोगल इतिहासकाराने लिहून ठेवलंय की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा गडकऱ्यांनी लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडं चढवलं आणि त्यांतून मारा केला. मोगलांनी गडावर मारा करण्यासाठी उंच लाकडी धमधमा उभारला, तरी उपयोग झाला नाही. आमचे भाऊ दोऱ्याच्या रिकाम्या रिळांच्या तोफा करून बुरुजावर ठेवत. रिळं लाकडी, तोफाही लाकडी. त्यामुळे आमचा किल्ला इतिहासाला धरून आहे असं आम्ही छाती काढून सांगायचो.

असो. तर या चोवीस शिपायांकडे वळते.

नातू नॉटिंगहॅमला राहतो, आणि हे गाव म्हणजे या छंदाची राजधानी. असे पुतळे ओतणारे आणि विकणारे कितीतरी कारखाने त्या एका शहरात आणि आसपास आहेत. टेबलावर डोंगर, नद्या, गावं मांडायची, दोन्ही बाजूंचे पुतळे उभे करायचे, मोजपट्टीने अंतर मोजून त्यांना हलवायचं आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं, असा हा खेळ. मुळात तो लष्कराचा. प्रशियाच्या रायस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशावर ठोकळे हलवून युद्धाचा सराव करायची पद्धत छापली आणि तिथल्या सैन्याने ती उचलली. आपल्या बुद्धिबळातही हत्ती, घोडे नि प्यादी आहेतच, पण इथे एका प्याद्याला नदी ओलांडायला किती वेळ लागेल तेही मोजतात. पुढे १८९३ मध्ये ब्रिटन नावाच्या लंडनच्या खेळणीवाल्याने आतून पोकळ शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली. शिसं कमी लागू लागलं, सैनिक स्वस्त झाले आणि घरोघर पोचले. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या मोठ्या लेखकाने अशा सैनिकांच्या खेळाचे नियम सांगणारं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलांना हा खेळ चालेल असं त्याने गमतीने म्हटलंय, आणि हुशार मुलींसाठीही थोडी जागा ठेवलीय. मोठ्यांनी खरी युद्धं सोडून हेच खेळावं असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध सुरू झालं.

"कोणती लढाई आहे ही?" मी विचारलं.

"असाये," नातू म्हणाला. मला कळेना. मग त्याने स्पेलिंग सांगितलं, आणि मी हसले. अरे, असई! जालना जिल्हा. आपल्याच महाराष्ट्रातलं गाव, आणि नॉटिंगहॅमचं पोरगं मला त्याचं नाव सांगतंय. नातवाने खोक्याचे दोन भाग दाखवले. "हे बारा इंग्रज, लाल कोट. हे बारा मराठे."

असईची लढाई मी तीस वर्षं शाळेत शिकवली. खरं सांगायचं तर एका वाक्यात शिकवली. १८०३ मध्ये असई येथे इंग्रजांनी शिंदे व भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. परीक्षेत गाळलेल्या जागा भरण्यापुरती. इंग्रजांनी, मराठ्यांचा. दोन शब्द आणि मधे एक क्रियापद.

आम्ही व्हरांड्यात टेबल मांडलं. नातवाने मला नवी विद्या शिकवली. आधी पुतळा औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवायचा, म्हणजे रंगवताना झाकण धरता येतं, पुतळ्याला बोट लागत नाही. मग अस्तर, काळं किंवा पांढरं. रंग बाटलीतून थेट घ्यायचा नाही, पाण्याने पातळ करून दोन-तीन हात द्यायचे, नाहीतर बटणं आणि चेहऱ्याच्या रेषा बुजतात. ब्रश तीन शून्यांचा. त्यानंतर अगदी पाणीदार तपकिरी रंग सगळीकडे फिरवायचा. तो कपड्यांच्या चुण्यांत जाऊन बसतो आणि आपोआप सावली दिसते. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंग नुसता वरच्यावर फिरवायचा, की उंचवटे उजळतात. माझ्या डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, हात थोडा थरथरतो. पण मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं की जमतं. निम्म्या आयुष्यात फळ्यावर सरळ ओळ लिहिली आहे, ती सवय कुठे जाते!

नातवाने त्याच्या वाट्याचा पहिला लाल कोटवाला रंगवला. कोट लाल, पट्टे पांढरे, चेहरा गुलाबी. दुसराही तसाच.

मी तिसरा हातात घेतला आणि चष्मा वर करून नीट पाहिला. कोट होता, पट्टे होते, पण खाली पँट नव्हती. मांडीपर्यंतची चड्डी, पाय उघडे, पायात चपला. डोक्यावर टोपीऐवजी पागोट्यासारखं काहीतरी.

"हा इंग्रज नाही रे," मी म्हटलं. "हा मद्रासी शिपाई आहे."

खोक्यातल्या कागदावर तसं बारीक अक्षरात लिहिलेलंही होतं, त्याने वाचलं नव्हतं इतकंच. मग संध्याकाळी आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. मी पुस्तकांतून, तो त्याच्या फोनवरून.

आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, २३ सप्टेंबर १८०३ या दिवशी असईच्या रणात उतरला. त्याच्याजवळ प्रत्यक्ष लढणारं सैन्य साधारण साडेचार हजार. त्यात गोऱ्या पायदळाच्या दोनच पलटणी, ७४वी आणि ७८वी, दोन्ही स्कॉटलंडच्या. घोडदळाची एक गोरी रेजिमेंट. बाकी पायदळाच्या पलटणी मद्रासच्या, आणि घोडदळाच्या आणखी तीन रेजिमेंटही देशी. म्हणजे लाल कोटातले बहुसंख्य चेहरे सावळे. शिवाय मोहिमेत त्याच्याबरोबर म्हैसूरचे स्वार होते, आणि पेशव्यांचेही. हो, पेशव्यांचे! दुसऱ्या बाजीरावाने १८०२ च्या अखेरीस वसईचा तह करून इंग्रजांचा आसरा घेतला होता. त्या स्वारांच्या सरदारांत बापू गोखले होते. तेच बापू गोखले, जे १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले.

आणि पलीकडे? शिंद्यांची ताकद त्यांच्या कवायती पायदळात होती. डी बॉयन या फ्रेंच भाषक अधिकाऱ्याने महादजींच्या काळात ते उभं केलं. त्यातले शिपाई बरेचसे उत्तर हिंदुस्थानातले. असईला या पायदळाचा मुख्य होता पोलमान, जर्मनीतल्या हानोव्हरचा, पूर्वी कंपनीच्याच चाकरीत असलेला. सरधन्याच्या बेगम समरूच्या पलटणीही याच बाजूला होत्या. लढाईच्या आधी कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या नोकरीतल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांना फोडलं होतं, त्यामुळे अनेक पलटणींचे अधिकारी ऐन वेळी निघून गेलेले.

नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग आजी, आपण कोणत्या बाजूला होतो?"

मंडळी, शिक्षकाला उत्तर येत नाही असा प्रसंग वर्गात येतो, तेव्हा आपण म्हणतो, "चांगला प्रश्न आहे, उद्या बघू." मी तेच म्हटलं.

रात्री झोप लागेना. शिंदे आणि भोसले आपले, हे खरंच. राज्य गेलं ते आपलं गेलं. १८०३ च्या डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगाव इथे तह झाले आणि मुलूख हातचा गेला, हेही खरं. ते मी खोडत नाही. पण 'इंग्रजांनी' या शब्दात मद्रासकडचे हजारो शिपाई आणि पेशव्यांचे स्वार झाकले गेले, आणि 'मराठ्यांचा' या शब्दात अवधचे शिपाई आणि हानोव्हरचा सेनापती. मी तीस वर्षं ते वाक्य फळ्यावर लिहिलं. लिहिताना कुणाच्या चेहऱ्याचा रंग विचारावा लागला नाही. ब्रश हातात घेतल्यावर मात्र पहिलाच प्रश्न तो आला.

आणि मग एक जुनी गोष्ट आठवली, जी मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

१९८० च्या सुमाराची दिवाळी. एका शाळेत किल्ला-स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून मी. एका मुलाने, घरचा कुंभाराचाच, सगळे मावळे स्वतः घडवले होते. साच्यातले नव्हेत, हाताने. प्रत्येकाचा वेष वेगळा. एकाच्या खांद्यावर घोंगडी, एक अनवाणी, एकाचं मुंडासं मळकट पांढरं, एक चक्क म्हातारा, वाकलेला. शेजारच्या किल्ल्यावर चाळीस मावळे भगव्या फेट्यात एका रांगेत उभे. मी त्या मुलाला दुसरा क्रमांक दिला आणि वहीत शेरा लिहिला, "सैन्यात शिस्त दिसत नाही, गणवेश एकसारखा हवा होता." मुलगा काही बोलला नाही. "बरं बाई" एवढंच म्हणाला.

शिवकाळात मावळ्यांना सगळ्यांना सारखा गणवेश नव्हता. गडी घरच्या कपड्यांत यायचा. हे तेव्हाही पुस्तकांत होतं, मीही वाचलेलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर इतिहास नव्हता, २६ जानेवारीचं संचलन होतं. त्या मुलाने बहुधा पुस्तक न वाचता आपल्या आज्याकडे, गल्लीतल्या माणसांकडे पाहिलं होतं आणि बरोबर केलं होतं. आज तो पन्नाशीत असेल. कुठे आहे माहीत नाही.

सकाळी मी नातवाला ही गोष्ट सांगितली. त्याने त्याचे दोन गुलाबी शिपाई उचलले, चेहऱ्यावर पुन्हा अस्तर मारलं आणि तपकिरी रंगाची बाटली उघडली. मी म्हटलं, सगळ्यांना एकच तपकिरी नको. माणसं आहेत. मग आम्ही पिवळा आणि काळा थेंबथेंब मिसळून बारा जणांचे बारा वर्ण केले. शिंद्यांच्या बारा जणांचेही तसेच. खोका पुन्हा समोर ठेवला तेव्हा चेहऱ्यांवरून कोण कुठल्या बाजूचा ते ओळखता येत नव्हतं. ओळखायचं ते कोटावरून.

राहिली बैठक. तो त्याला बेस म्हणतो. पुतळा नुसता उभा राहत नाही, त्याला पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या चकतीवर चिकटवावं लागतं आणि त्या चकतीवर जमीन तयार करावी लागते. फेव्हिकॉल लावायचा, त्यावर बारीक रेती, रेतीवर रंग, आणि वर गवत म्हणून विकतची हिरवी लव. नातवाने ती पुडी आणली होती. छान हिरवीगार, इंग्लंडच्या कुरणासारखी. माझ्याकडे रांगोळीसाठी रंगवलेला लाकडाचा भुसा होता, तोही हिरवा. आम्ही हौसेने सहा चकत्या हिरव्यागार करून टाकल्या.

दुपारी मुलाने, म्हणजे नातवाच्या बाबाने, त्या पाहिल्या आणि म्हणाला, "आई, हा मराठवाडा आहे की स्कॉटलंड?"

चूक माझीच. असईची जमीन काळी. रण होतं कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात. वेलस्लीला वाटाडे सांगत होते की नदीला उतार नाही. त्याने पलीकडे पाहिलं, नदीच्या दोन काठांना समोरासमोर दोन गावं दिसली. एवढी जवळ गावं आहेत म्हणजे माणसं ये-जा करत असणार, उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि तो बरोबर निघाला. शिवाय वर्ष कोणतं? १८०३-०४ म्हणजे दख्खनमधल्या मोठ्या दुष्काळाचं. फौजांच्या लुटीने शेतं उजाड झालेली आणि पावसानेही दगा दिलेला. तिथे हिरवी लव लावणं म्हणजे त्या वर्षी उपाशी राहिलेल्या माणसांची थट्टाच.

मी सुरीने सहाही चकत्या खरवडल्या. गच्चीवरच्या कुंडीतली काळी माती वाळवून चाळली आणि फेव्हिकॉलवर भुरभुरली. वर कोरड्या ब्रशने राखाडी हात. गवत म्हणून वापरून वाळवलेली चहा पावडर, दोन-दोन चिमटी, तीही कडेला. नातू म्हणाला, "आजी, हे दुकानातल्यापेक्षा भारी आहे." म्हटलं, बाळा, आपल्याकडे अळीव पेरून किल्ला हिरवा करतात, तेव्हापासूनची ही विद्या आहे.

शेवटच्या दिवशी खेळ मांडला. सतरंजीच्या घड्यांची टेकाडं, निळ्या साडीच्या काठाच्या दोन नद्या, काडेपेटीच्या खोक्यांचं असई गाव. खेळात एक पुतळा म्हणजे वीस माणसं असं धरतात. चोवीस पुतळ्यांनी सगळी लढाई होत नाही, म्हणून आम्ही एक कोपरा घेतला. ७४व्या पलटणीचा. पुतळे मद्रासी शिपायांचे, पण तेवढ्यापुरतं त्यांनाच ७४वी म्हटलं. ही पलटण चुकून असई गावाच्या फार जवळ गेली आणि तोफांच्या तोंडी सापडली. साधारण पाचशेतले चारशेच्या आसपास मेले किंवा जखमी झाले, अधिकारी तर जवळजवळ सगळेच. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. ('गोलंदाज' हा शब्द आपण आता क्रिकेटवाल्याला दिला, मुळात तो तोफ डागणारा.) शत्रूची रांग अंगावरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले काही जण उठले, तोफा फिरवल्या आणि मागून मारा केला. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. संध्याकाळपर्यंत वेलस्लीच्या बाजूचे दीड हजारांहून जास्त मेले वा जखमी झाले. त्याने तोफा मात्र शंभराच्या आसपास जिंकल्या. त्याच्या बाजूचा हिशेब पलटणवार उपलब्ध आहे. शिंद्यांच्या बाजूचे किती गेले याचे फक्त अंदाज आहेत.

नातू फासे टाकत होता. आकडा आला की एक पुतळा टेबलावरून उचलून खोक्यात ठेवायचा. पाचव्या-सहाव्या फाशाला त्याने एकाला उचललं आणि हातात धरून बसला. तो मीच रंगवलेला, थोरल्या काकांसारखा जरा काळा वर्ण दिलेला, ढोलवाला.

"आजी, हा वीस जणांचा होता ना?"

"हो."

त्याने तो खोक्यात इतरांसारखा आडवा टाकला नाही. स्पंजच्या खाचेत नीट निजवला. मग पुढचा फासा टाकला, कारण खेळ तर पुरा करायचाच होता. माझे शिंदे जिंकले, हे जाता जाता नमूद करते.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी विमानतळावर जाताना गाडीत दिलं. म्हटलं, राज्य आपलं होतं आणि ते आपण हरलो, हे विसरू नकोस. पण माणसं आपली दोन्ही बाजूंना होती, आणि परकी माणसंही दोन्ही बाजूंना होती. तो म्हणाला, "मग शाळेत असं का नाही सांगत?" मी म्हटलं, "तुझ्या आजीनेच नाही सांगितलं."

बारा पुतळे तो घेऊन गेला, बारा माझ्याकडे ठेवले. देवघराशेजारच्या फडताळात आहेत, काळ्या मातीवर उभे. यंदाच्या दिवाळीत सोसायटीतल्या मुलांचा किल्ला होईल तेव्हा मावळे रंगवायला मला बोलावणार आहेत. हल्ली मातीचे कमी, प्लास्टरचेच जास्त मिळतात. चालेल. प्रत्येकाचा फेटा वेगळ्या रंगाचा करीन, आणि एखादा म्हातारा, घोंगडीवाला नक्की ठेवीन. त्या मुलाने केला होता तसा.